जपाचं मशीन आणि ससाणे

ऑक्टोबरात शहाणी माणसं चिवड्याचे पोहे उन्हात टाकतात. मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर स्वतःला टाकलं. ससाणे मोजायला.

खूळ डोक्यात घातलं एका पक्षीवेड्या मित्रानं. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून भोवत्या, खरुची, गरुड अशी शिकारी पक्ष्यांची पाहुणेमंडळी खाली सरकतात म्हणे. त्यात अमूर ससाणा म्हणजे कहर. वजन पाव किलोसुद्धा नाही, पण गडी नागालँडात वाळवीवर ताव मारतो आणि अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेत. मला राजवाड्यावरून पोवई नाक्याला जायचं तरी रिक्षा लागते.

खरं तर कोकण किनारा गाठायचा होता. मोठ्या पक्ष्यांना तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा लागते, ती पाण्यावर मिळत नाही, म्हणून ते किनारा धरून जातात. पण रजा गणपतीतच संपलेली. समुद्र नाही तर नाही, साताऱ्यात वारा तरी आहे!

दुर्बीण मित्राची, टोपी मुलाची आणि आकडा ठेवायला आईचं बोटात घालायचं जपाचं मशीन. "ने, पण शून्य केलंस तर घरात येऊ नकोस," आई म्हणाली. मशीनवर 6412 होते.

मित्राची शिकवण सोपी होती : पक्षी गिरक्या घेताना मोजायचे नाहीत, वर पोचून एकामागोमाग सुटले की मोजायचे. मान वर करून बसलो. दहा मिनिटांत तिचं लाकूड झालं. तासाभरात चार कावळे आले. पवनचक्कीच्या पात्याची सावली अंगावरून गेली की अंगठा आपोआप दाबला जायचा.

तिथला राखणदार आला.

"पाव्हणं, वर काय पडलंय का?"

"ससाणे मोजतोय."

"सरकारी काम हाय व्हय?"

"नाही, हौस."

त्यानं न बोलता पाण्याची बाटली पुढं केली.

अकराच्या सुमारास मात्र खरंच आले. आठ! पंख न हलवता गिरक्या घेत ठिपक्याएवढे झाले आणि एकेक करून दक्षिणेकडे सुटले. जात विचारू नका. डोळ्यांत पाणी होतं, त्यात दोन शिंका आल्या, दोन्ही मशीनवर नोंदल्या गेल्या.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, पवनचक्क्यांत कशाला बसलास? त्याच पठारावरचा अभ्यास 2018 मध्ये छापून आलाय. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, म्हणून सरडे जास्त. सरडे मोज!" एक माझ्या भाकरीच्या फडक्यावर बसलाच होता.

घरी आईनं मशीन पाहिलं. 6431.

"हे वरचे एकोणीस कुठले?"

"आठ ससाणे, चार कावळे, दोन शिंका, पाच पवनचक्क्या."

आईनं क्षणभर विचार केला. "कावळे राहू देत, पितृपक्ष नुकताच झालाय. ससाण्यांचंही धरते, लांबून आलेत बिचारे. बाकीच्या सातांचा जप तू बसून कर."

बसलो. मान खाली घालता येत नव्हती, म्हणून छताकडे बघत.