एनसी घ्या आणि घरी जा

आज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांबरोबर पोलीस चौकीत जाऊन आले. भांडण काय, तर वरच्या फ्लॅटमधल्या बाई गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात आणि ते गढूळ पाणी आजोबांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. शब्दाने शब्द वाढला, त्या बाईंचा मुलगा खाली येऊन "बघून घेईन" म्हणाला, आजोबांचं बीपी वाढलं. चौकीत सगळं लिहून घेतलं, अदखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), ही घ्या एनसीची, म्हणजे त्या नोंदीची, प्रत. आजोबांनी विचारलं, "आता पुढं?" तर म्हणे कोर्टात जा. कुंडीच्या पाण्यासाठी! पंचाहत्तरीच्या माणसाने!

चौकीवाल्यांवर माझा राग नाही. ते तरी काय करणार. राग आहे तो सोसायटीच्या ग्रुपवर. सकाळपासून तिथे नुसते सल्ले. लीगल नोटीस पाठवा, व्हिडिओ काढून ठेवा, वकील हवा असेल तर नंबर देतो. आणि चेअरमनसाहेबांचं ठरलेलं वाक्य : "हा दोन मेंबरांमधला प्रश्न आहे, सोसायटीचा संबंध नाही." गणपतीच्या वर्गणीला बरा संबंध असतो. शेकड्याने माणसं राहतात इथे, पण दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजेल असा एक माणूस नाही!

आमच्या गावाकडे, सातारा जिल्ह्यात, असा एक माणूस होता. म्हणून तर आमचं घर वाचलं.

आमच्या अप्पांचा आणि काकूचा (म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाची बायको, काका लवकर गेले) बांधावरून वाद. दर नांगरटीला बांध थोडा कोरला जायचा, कधी इकडून, कधी तिकडून. मोजणी आणली, हद्दीचे दगड रोवले, पुढच्या नांगरटीत दगड गायब. मग दावा. तारखेच्या दिवशी दोघं एकाच एसटीने तालुक्याला जायची, काकू पुढे बायकांच्या सीटवर, अप्पा पार मागच्या बाकड्यावर. तारीख पडली की त्याच एसटीने परत. वर्षानुवर्षं हेच.

तेवढ्यात तंटामुक्तीचं वारं आलं. 15 ऑगस्ट 2007 ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, गावातले तंटे गावातच मिटवायचे म्हणून, आणि ग्रामसभेतून समित्या निवडल्या गेल्या. आमच्याकडे अध्यक्ष झाले एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर. त्यांनी अप्पांना आणि काकूला देवळात नाही बोलावलं, थेट बांधावर नेलं. चार पुरुष बोलत होते, काकू पदर घेऊन लांब उभी. तर हे म्हणाले, "वैनी, म्होरं या. रान तुमी कसताय, ह्यास्नी काय म्हाईत?"

काकू पुढे आली आणि बांधाबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "ह्यांच्या दहाव्याला भावजींनी हिरीवर मोटर चालू केली. पाळी आमची होती. माझा ऊस वाळला."

सामाईक विहीर. पाण्याची पाळी. एवढ्या वर्षांच्या दाव्याच्या कागदांत विहीर हा शब्द कुठेही नव्हता! वकिलांनी विचारलंच नव्हतं, त्यांनी का विचारावं, दावा बांधाचा होता. अप्पा खाली बघत राहिले. पाळीचं वेळापत्रक तिथेच ठरलं. मग बांधाचं ठरायला कितीसा वेळ लागणार? जुन्या बाभळीपासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली, दोन्ही बाजूंनी एकेक हात सोडून नांगर घालायचा, संपलं. दावा पुढे लोकअदालतीत तडजोडीने मिटवला.

म्हणूनच वाटतं, वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंचंही कुंड्यांच्या आधीचं काहीतरी सलत असणार. एनसीत ते कुठून येणार? विचारायला कोणी गेलंय का?

आता तुम्ही म्हणाल, गाव म्हणजे काय सगळा आनंदीआनंद नव्हे, तिथे पंच म्हणजे पाटील, आणि दाबून मिटवतात. हो, दाबतात. तंटामुक्त ठरलेल्या गावाला सरकारी बक्षीस असायचं, त्यासाठी "तक्रार नोंदवू नका, गावाचं नाव जाईल" असंही झालं, आबांची चांगली कल्पना काही ठिकाणी रंगवलेल्या कागदांवर आली. मान्य.

पण अशा मध्यस्थीला जातपंचायतीच्या पंगतीत बसवू नका, तिथे माझं डोकं फिरतं. जातपंचायत निवाडा देते, दंड लावते, वाळीत टाकते. त्यासाठी महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, बरं केलं. मध्यस्थ निवाडा देतच नाही हो. आमच्या कंडक्टरमामांनी कोण बरोबर, कोण चूक हे त्या दिवशी सांगितलंच नाही. आणि बाईला मारहाण झाली असेल, कुणाला जातीवरून हिणवलं असेल, तर तिथे मध्यस्थी नको, सरळ पोलीस. त्यात काय बोलायचं.

भिवंडी आठवते का? 1984 ला हिंदू-मुस्लिम दंगलीत पेटलेलं गाव. नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्हीकडची माणसं नेमाने एकत्र बसवली. 1992-93 ला मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. दंगल थांबते आणि आमची कुंडी थांबत नाही!

2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरणच आहे. वस्तीची शांतता बिघडवणारे वाद, दोन्ही बाजूंची संमती, तीन मध्यस्थ, ते निवडताना बायकांचाही विचार करायचा. माझ्या ओळखीत हे कुणाला ठाऊकसुद्धा नाही.

वकील मित्रांनो, ठाऊक आहे तुम्ही आता काय लिहिणार. त्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही. नाही, बरोबर. आमच्या विहिरीच्या पाळीलाही नाही. तिची अंमलबजावणी काकू करते. मोटर पाच मिनिटं जास्त चालली की अप्पांना फोन येतो, आणि अप्पा जेवणावरून उठून बटण बंद करायला जातात.