बापूने गोळी सोडली

बापूने कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली हे काल कट्ट्यावर फुटलं आणि प्रभाकर भडकलाच. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी, म्हणजे स्टॅटिनने, मेंदू खराब होऊन विसरायला होतं, असा फॉरवर्ड व्हॉट्सअॅपवर फिरत होता, तो वाचून.

"मेंदू कोलेस्टेरॉलचाच असतो रे!" बापू बोट नाचवत म्हणाला. "गोळी घ्या आणि मेंदू वितळवा! परवा मला सख्ख्या साडूचं नाव आठवेना."

"मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच तयार करतो. रक्तातलं तिथे जवळजवळ पोचतच नाही." मेडिकलच्या काउंटरमागे प्रभाकरची हयात गेलीय. "तुला स्टेंट घातलाय, बापू. ही गोळी म्हणजे च्यवनप्राश नव्हे, कंटाळा आला की बंद."

नलूताई मात्र बापूच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या यजमानांना गोळी सुरू झाल्यावर खरंच गोंधळल्यासारखं व्हायचं. गॅस बंद केला का, हे बघायला पुन्हापुन्हा उठायचे. "डॉक्टरांनी थांबवून बघितली, मग दुसरी दिली. आता बरे आहेत. मनाचे खेळ म्हणू नका."

"नाहीच म्हणत, ताई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात तसं लिहायला लावलंय. काहींना विसरल्यासारखं होतं, बहुतेकदा गोळी थांबवली की जातं. पण सत्तरी ओलांडलेल्या ५,८०० जणांवर प्रवास्टॅटिन या स्टॅटिनची चाचणी झाली, निकाल २००२ चा. काहींना खरी गोळी, काहींना खोटी. स्मरणशक्तीत फरक निघाला नाही. तुम्ही डॉक्टरांना विचारलंत. याने व्हॉट्सअॅपला विचारलं."

मला प्रभाकरचंच पटतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने तर २०२४ मध्ये मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, हेच स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांत धरलं. आणि झटका येऊन गेलेल्या माणसाने गोळी मनाने सोडावी, याची मला खरोखर भीती वाटते.

प्रभाकरने बापूची औषधांची पिशवी उपडी केली. बीपीच्या पट्टीखालून एक लहानशी पट्टी निघाली, ब्लेडने अर्ध्या केलेल्या गोळ्यांची.

"अल्प्राझोलाम? हे कधीपासून?"

"झोपेची आहे. अर्धीच घेतो. मेव्हणा म्हणाला, काही होत नाही."

"अरे, साडूचं नाव ही पळवत असेल! आता तीही एकदम टाकू नकोस, त्रास होईल. दोन्ही पट्ट्या घेऊन उद्या डॉक्टरकडे जा. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडचंही विचार."

बापू चिडला. "तू नको शिकवूस! चाळीच्या कॅरम फायनलला राणी कव्हर न करता खिशात घातलीस ती विसरलो नाहीये मी!"

"बघा, कसं लख्ख आठवतंय!"

"पण इतर गोष्टी विसरतोच ना मी! कालचे चहाचे पैसे..."

"ते तू बँकेत लागल्यापासून विसरतोस. बाजारात पहिलं स्टॅटिन आलं १९८७ ला!"

नलूताईंना हसता हसता ठसका लागला. बापूही हसला, पट्ट्या पिशवीत कोंबल्या आणि "सकाळी स्कूटर घेऊन ये, मी एकटा जाणार नाही," म्हणाला. चहाचे पैसे शेवटी नलूताईंनीच दिले.