पैज लावायला चालत जावं

सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झालेला. इंग्लंडात डॉन्कास्टरच्या रेसकोर्सवर सेंट लेजर ही मानाची शर्यत जिंकली एका घोड्याने, त्याचं नाव सयाजीराव. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. जॉकी एडगर ब्रिट, हा ऑस्ट्रेलियाचा.

ही गोष्ट मला नानाकाकांनी सांगितली, तीही अभिमानाने नव्हे, चिडून. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सयाजीरावांचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जातं. १९०६ साली ज्या राजाने संस्थानभर मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, त्याचं नाव नातवाने घोड्याला दिलं. घोडा घेतला २८,००० गिनींना. मी हिशेबाचंच काम करते, म्हणून आकडा मांडून पाहिला. तेव्हाच्या दराने जवळजवळ चार लाख रुपये, एका वर्षाच्या शिंगरासाठी. "तेवढ्यात शाळा किती निघाल्या असत्या ते मांड," काका म्हणाले.

नावाचं मला काही वाटत नाही. घोड्यावर जीव असलेला माणूस आपल्याला सर्वांत प्रिय असलेलं नावच त्याला देतो. पैशाचं काकांचं म्हणणं मात्र खोडता येत नाही. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांना गादीवरून दूर केलं. पण १९४९ मध्ये बडोद्याचं विद्यापीठ उभं केलं तेही याच माणसाने, आणि काकांची पदवी त्याच विद्यापीठाची आहे. इंडियन डर्बी, म्हणजे मुंबईतली मोठी शर्यत, ती १९४३ साली पहिल्यांदा जिंकणारी प्रिन्सेस ब्युटिफुल ही घोडीसुद्धा त्यांचीच. रेसचा नाद असलेला माणूस म्हणजे वाया गेलेला, हे समीकरण आमच्या घरात पक्कं आहे. मला ते कधीच पटलं नाही.

मेलबर्नला येऊन मला एकवीस वर्षं झाली. रविवारी घरी फोन होतो, आणि हल्ली त्यात हाच विषय निघतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. घोड्यांच्या शर्यतीचं प्रकरण वेगळं. ती कौशल्याची आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दिलेला आहे, त्यामुळे रेसकोर्सवर पैसे लावायला कायद्याची हरकत नाही. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथे ४० टक्के जीएसटी आहे. आधी २८ होता. काकांचं म्हणणं, पत्त्यांना बंदी आणि घोड्यांना मोकळीक हा कुठला न्याय, रेसकोर्सही बंद करा. चुलतभावाचं उलट: सगळं खुलं करा, कर घ्या आणि मोकळे व्हा. "तुमच्या ऑस्ट्रेलियात तर रेसची सार्वजनिक सुट्टी असते, कुणाचं काय बिघडलं?"

काय बिघडलं ते सांगायलाच हे लिहायला घेतलं.

सुट्टी असते हे खरं, निदान आमच्या मेलबर्नला. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, दुपारी तीन, फ्लेमिंग्टनचं रेसकोर्स, मेलबर्न कप. १८६१ पासून चालत आलेली शर्यत, ३,२०० मीटर, जास्तीत जास्त चोवीस घोडे. सव्वातीन मिनिटांच्या आसपास सगळा खेळ संपतो, पण त्या सव्वातीन मिनिटांत शहर खरोखर थांबतं. ऑफिसात आदल्या दिवशी चिठ्ठ्या काढतात, दोन-दोन डॉलर, ज्याच्या नावाने जो घोडा निघेल तो त्याचा. २०१५ साली प्रिन्स ऑफ पेन्झन्सची चिठ्ठी आमच्या स्वागतकक्षातल्या बाईंना निघाली, तेव्हा सगळ्यांनी त्यांची समजूत घातली होती. भाव होता शंभरास एक. तो घोडा जिंकला, आणि पाठीवर होती मिशेल पेन, कप जिंकणारी पहिली स्त्री जॉकी. त्या बाई खुर्चीवर उभ्या राहून रडत होत्या. जिंकलेल्या चिठ्ठीचे पैसे पन्नास डॉलरसुद्धा नव्हते, ते रडणं पैशांसाठी नव्हतंच.

मी वर्षातून दोनदा रेसकोर्सवर जाते. मला वंशावळी कळत नाहीत. मी शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या कुंपणाशी उभी राहते. अंगावर तेज आहे का, मानेवर घाम सुटलाय का, कान कुठे वळलेत, पाय कसा टाकतोय, एवढंच पाहते. मग दहा डॉलर लावते, आणि दोन शर्यतींच्या मधली पस्तीस-चाळीस मिनिटं चहा पीत, माणसं बघत काढते. वजनाची गंमत मला फार आवडते. कपसारख्या शर्यतीत घोडा जितका चांगला तितका त्याच्यावर भार जास्त, म्हणजे सगळ्यांना संधी. 'फार लॅप' नावाच्या घोड्याने १९३० चा कप जिंकला आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर सुमारे ६८ किलो लादले, तेव्हा तो आठवा आला. त्याचं कातडं भरून ठेवलेला देह इथल्या संग्रहालयात काचेत उभा आहे. बाबा आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं. बाबा लहानपणी कमाटीबागेतल्या संग्रहालयात व्हेल माशाचा सांगाडा बघायला दर सुट्टीत जायचे. फार लॅपसमोर ते तसेच हात मागे बांधून उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "याला फार पळवलं गं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. २०२० च्या कपमध्ये अँथनी व्हॅन डाइक धावता धावता जायबंदी झाला आणि त्याला मरण द्यावं लागलं. त्याआधीच्या वर्षांतही घोडे गेले होते. नंतर परदेशी घोड्यांच्या पायांचं स्कॅनिंग सक्तीचं झालं, तपासण्या कडक झाल्या. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून हे झालं, आणि तो आरडाओरडा रास्त होता. घोड्याला ज्या खेळात हकनाक मरावं लागतं तो खेळ मला नको आहे. मी कुंपणाशी उभी राहते ती त्याच्या ओढीने, त्याच्या मरणाचं तिकीट काढायला नव्हे.

पण चुलतभाऊ ज्याला 'सगळं खुलं' म्हणतो, ते फ्लेमिंग्टनवर घडत नाही, ते फोनमध्ये घडतं. पूर्वी इथेही रेसकोर्सच्या बाहेर पैसे लावणं बेकायदा होतं, आणि गल्लीबोळांत, पबांत बुकी बसलेले असत. १९६१ साली व्हिक्टोरिया या आमच्या राज्याच्या सरकारने स्वतःची पैज-दुकानं काढली, नाव टॅब. त्या पहिल्या दुकानांत बसायला खुर्ची नव्हती, शर्यतीचं धावतं वर्णन ऐकवत नसत, आणि जिंकलेले पैसे दुसऱ्या दिवशी मिळत. लावायचे तर लाव, पण रेंगाळू नकोस, जिंकलेले लगेच परत ओतू नकोस, असा त्याचा अर्थ. ज्याने कुणी हा नियम केला त्याला माणूस कळलेला होता.

फोनने तो अर्थ पुसून टाकला. आता दर काही मिनिटांनी कुठेतरी शर्यत असते: घोडे, ग्रेहाउंड कुत्रे, मध्यरात्री दुसऱ्या खंडातलं काहीतरी. फुटबॉलची मॅच लावली की पैजेच्या भावांच्या जाहिराती, समोर शाळकरी मुलं बसलेली. पबांतली जुगाराची यंत्रं धरून माणशी जुगारात सर्वांत जास्त हरणारा देश म्हणून ऑस्ट्रेलियाचंच नाव घेतलं जातं. २०२३ मध्ये सरकारने बेटस्टॉप नावाची नोंदवही काढली, स्वतःहून नाव घातलं की कुठलीच परवानाधारक कंपनी तुमचा डाव घेत नाही. २०२४ मध्ये ऑनलाइन डावांसाठी क्रेडिट कार्ड बंद केलं. आधी कालवा फोडायचा आणि मग पाट्या टाकून पाणी अडवायचं, असं हे काम आहे. आमच्या ओळखीतला बडोद्याचाच एक मुलगा, शिकायला आलेला, रात्रपाळीच्या बसमध्ये बसल्या बसल्या एका सत्राची फी हरला. घोडा त्याने आयुष्यात जवळून पाहिलेला नाही. वहीत नाव घालायला मीच त्याच्या शेजारी बसले होते. नाव घातल्यावर तो म्हणाला, "ताई, मला घरी सांगू नका." मी सांगितलेलं नाही.

म्हणून चुलतभावाला माझं उत्तर: आमच्याकडचा कर बघून भुलू नकोस, त्याच्या बदल्यात काय गेलं ते बघ.

आणि काकांना? काका, दारूबंदीच्या राज्यात जन्म काढलेल्या माणसाला बंदी म्हणजे काय ते मी सांगावं का? आयपीएलच्या दिवसांत बडोद्यात सट्ट्याचा भाव कुठे चालू असतो ते तुमच्या गल्लीतल्या पोरांना ठाऊक आहे. फोनवरच्या बंदीच्या बाजूने मी आहे, ठामपणे. पण रेसकोर्स त्याच यादीत टाकू नका. ४० टक्के कर लावलेल्या पूर्ण पैशांवर बसतो, जिंकलेल्या रकमेवर नव्हे. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या पैज-खिडकीवर, लोकांचेच पैसे गोळा होऊन त्यातून जिंकणाऱ्यांना वाटले जातात. त्यावर एवढा कर बसला की खिडकीवर रांगेत उभा राहणारा माणूस कोपऱ्यावरच्या बुकीकडे जातो, कारण तिथे कर नाही. राहतो तो बुकी, आणि जातं ते रेसकोर्स, तबेले, घोडे सांभाळणारे सईस.

माझं मागणं साधं आहे. पैसे लावायचे तर घोडा जिथे आहे तिथे चालत जावं, खिडकीवर रोख द्यावेत, आणि तिथला कर माणसाला परवडेल इतका असावा. फोनवर घोडा, क्रिकेट, पत्ते, काहीही नको. बडोद्याच्या माणसाला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जायला काही तासांचा प्रवास करावा लागतो. तो प्रवास हाच त्याचा बांध.

मामा असेच जायचे, वर्षातून एकदा, आणि मी दहा वर्षांची असताना मलाही नेलं होतं. वरच्या खिशात शंभराची नोट, ती लावायची. परतीचं तिकीट आतल्या खिशात, त्याला हात नाही. बाकीचे पैसे घरी मामीकडे. ते महालक्ष्मीचं रेसकोर्स मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सवरून बेतलेलं आहे हे मला फार पुढे कळलं. त्या दिवशी मामांची नोट चौथ्या शर्यतीत संपली, आणि उरलेल्या शर्यती आम्ही नुसत्या पाहिल्या. माझ्या आठवणीत त्याच आहेत: मातीचा आवाज, जॉकींचे रंग, आणि माझा हात घट्ट धरून पंजांवर उभे राहिलेले मामा.

दादाच्या मुलाने बंदी यायच्या आधी रमीच्या ॲपवर एक लाख चाळीस हजार घालवले. ते ॲप बंद झालं, तर मित्रांनी परदेशातल्या साइटची लिंक पाठवली. गेल्या कपच्या सकाळी त्याने तिकडून मला विचारलं, "आत्या, कुठला घोडा लागेल?" मी घोडा सांगितला नाही. त्याला म्हटलं, डर्बी फेब्रुवारीत असते, मी तेव्हा येणारच आहे. मुंबईच्या गाडीची दोन तिकिटं काढ, पैसे मी देते. वरच्या खिशातले शंभर रुपये तुझे तू आण. फोन घरी, वहिनीकडे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "आणि शंभर संपले तर?"

"मग बघायचं," मी म्हटलं. "दिवसभर शर्यती असतात."