व्हॉइस नेटवर्किंगच्या लॅबला दीड लाख लागत नाहीत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हॉइस नेटवर्किंगचं, म्हणजे नेटवर्कवरून फोन कॉल चालवण्याच्या तंत्राचं, सर्टिफिकेट घरी बसून होत नाही. त्याला दीड-दोन लाखांची लॅब लागते, खरे आयपी फोन लागतात, चोवीस तास वीज आणि फायबर लागतं. कोकणात यातलं काही नाही, म्हणून मुंबई-पुण्याचा क्लास लावा, नाहीतर डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, पाठ करून मोकळे व्हा. हा मेसेज घरात वाचून दाखवला की वडीलधारी म्हणतात, "हयसर बसान काय जमूचा नाय," आणि पतसंस्थेतून कर्ज काढायची बोलणी सुरू होतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

आधी दीड लाखाचं बघू. मेसेजसोबत सामानाची जी यादी येते, त्यात सिस्को कंपनीचे दोन-तीन २८११ राउटर, त्यांतली आवाज हाताळणारी डीएसपीची कार्डं, केबलमधूनच फोनला वीज देणारा पीओई स्विच, ७९६० फोन आणि एक सर्व्हर आहे. सिस्कोच्या सीसीएनए व्हॉइस या सर्टिफिकेटच्या काळात मुलं असंच सामान जमवत. ते सर्टिफिकेट कधीच बंद झालं. त्याच्या जागी आलेलं सीसीएनए कोलॅबोरेशनही २४ फेब्रुवारी २०२० ला बंद झालं. आता सिस्कोच्या या शाखेत थेट सीसीएनपी कोलॅबोरेशन आहे: ३५०-८०१ हा मुख्य पेपर आणि सोबत आवडीचा एक पेपर. आधीचं कुठलंही सर्टिफिकेट सक्तीचं नाही. म्हणजे ही यादी बंद पडलेल्या परीक्षेची आहे आणि तिच्यासाठी आजच्या मुलांना कर्ज काढायला सांगितलं जातंय.

मग लागतं काय? बऱ्यापैकी लॅपटॉप, शक्यतो १६ जीबी रॅमचा. ८ जीबीवरही सुरुवात होते. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अकॅडमीच्या खात्यावर फुकट मिळतो. त्यात २८११ राउटरवर कॉलमॅनेजर एक्सप्रेस हे राउटरमधलं छोटं फोन एक्स्चेंज चालतं. डीएचसीपीत (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेत) ऑप्शन १५० देऊन फोनला टीएफटीपीचा (सेटिंगची फाइल देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता सांगायचा, टेलिफोनी-सर्व्हिस चालू करायची, ईफोन (फोन) आणि ईफोन-डीएन (त्याचा नंबर) जोडायचे, मग दोन राउटरमध्ये डायल-पिअर (कुठला नंबर कुठे पाठवायचा याचा नियम) टाकून इकडचा फोन तिकडे वाजवायचा. फोन रजिस्टर कसा होतो आणि नंबरावरून रस्ता कसा ठरतो, हे इथे पक्कं होतं. त्यापलीकडे पॅकेट ट्रेसर फारसा जात नाही, हेही खरं.

पुढचं काम अ‍ॅस्टरिस्कचं. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं हे ओपन सोर्स टेलिफोन एक्स्चेंज लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर आरामात चालतं. घरातल्या दोन मोबाइलवर लिनफोन हे कॉलिंगचं अ‍ॅप टाका, त्यांना अ‍ॅस्टरिस्कवर दोन एक्स्टेन्शन द्या आणि कॉल लावा. लॅपटॉपवर नेटवर्कवरचे पॅकेट दाखवणारं वायरशार्क चालू ठेवा. खर्च शून्य. आता इन्व्हाइट, ट्राइंग, रिंगिंग, २०० ओके, अ‍ॅक, बाय ही कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांची सगळी देवाणघेवाण डोळ्यांसमोर दिसते. एसआयपीचा, म्हणजे या निरोपांच्या नियमांचा, २००२ चा प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ३२६१, शेजारी उघडून ताडून बघा. कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा ते जास्त शिकवतं.

या लॅबचं मोल नेमकं कुठे कळतं, ते एका बिघाडावरून सांगतो. कॉल लागतो, पण एकाच बाजूला आवाज येतो. नोकरीत ही तक्रार पुन्हा पुन्हा समोर येणार. घरी ती मुद्दाम घडवा: एक मोबाइल आणि अ‍ॅस्टरिस्कचं व्हर्च्युअल मशीन यांच्यामध्ये नॅट (आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारी सोय) येईल अशी जोडणी करा. वायरशार्कमध्ये टेलिफोनी मेनूतून व्हीओआयपी कॉल्स उघडा आणि फ्लो बघा. इन्व्हाइटला २०० ओके आलंय, अ‍ॅकही गेलंय, म्हणजे सिग्नलिंग ठीक आहे. आता २०० ओके उघडून त्यातला एसडीपी (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) वाचा. 'सी' ने सुरू होणाऱ्या ओळीत मीडियाचा पत्ता असतो आणि 'एम' च्या ओळीत पोर्ट. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता लिहिलेला असेल, तर पलीकडचा फोन इमानदारीत त्याच पत्त्यावर आवाज पाठवत राहतो आणि तो वाटेतच मरतो. आरटीपीचे, म्हणजे आवाजाचे, पॅकेट एकाच दिशेने जाताना दिसतात. अ‍ॅस्टरिस्कला बाहेरचा पत्ता सांगा, पुन्हा कॉल लावा आणि ती 'सी' ची ओळ बदललेली बघा. हे ज्याने स्वतः शोधून काढलं, त्याला मुलाखतीत कोणी अडवू शकत नाही. त्या यादीतल्या सामानाच्या लाखाच्या रॅकवरही हेच वाचायचं असतं.

सिस्कोचं खरं सीयूसीएम, म्हणजे कंपन्यांसाठीचं मोठं फोन एक्स्चेंज, मात्र अ‍ॅस्टरिस्कने भरून निघत नाही. पार्टिशन, कॉलिंग सर्च स्पेस, रीजन, रूट पॅटर्न हे कॉलचे नियम ठरवायचे त्याचे स्वतःचे प्रकार आहेत आणि परीक्षेत ते येतातच. त्यासाठी सिस्कोच्या डेव्हनेट सँडबॉक्सवर (ऑनलाइन सरावाच्या जागेवर) कोलॅबोरेशनची लॅब ठराविक वेळेसाठी राखून ठेवता येते, तीही फुकट. सीयूसीएमच्या चोरीच्या आयएसओच्या (इन्स्टॉल करायच्या फाइलींच्या) लिंक ग्रुपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. बेकायदा तर आहेच, पण त्या फाइलीत आणखी कोणी काय घातलंय, हे कळायला मार्ग नाही.

खऱ्या फोनचं म्हणाल तर एक-दोन असावेत. हातात घेऊन शिकायला मजा येते. जुने फोन मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. फक्त घेताना मॉडेल बघा. ७९४० आणि ७९६० हे सिस्कोच्या जुन्या इनलाइन पॉवरवर चालतात. नेहमीच्या ८०२.३एएफ प्रमाणाच्या पीओई स्विचला लावले तर उठत नाहीत, वेगळा ४८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो. ७९४१ आणि ७९६१ ला तो त्रास नाही. पैसे द्यायच्या आधी एवढं विचाराच. राउटर घ्यायचाच तर एफएक्सएस (साध्या फोनला लाइन देणाऱ्या) आणि एफएक्सओ (बाहेरची लाइन घेणाऱ्या) कार्डांसाठी घ्या. एका राउटरचा एफएक्सएस दुसऱ्याच्या एफएक्सओला जोडला की घरच्या घरी टेलिफोन कंपनीची लाइन तयार होते. घरची खरी लाइन लॅबला अजिबात जोडू नका.

आता विजेचं. कोकणात पावसाळ्यात लाइट जाते, वादळात तर दिवसेंदिवस येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांनी काय काढलं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण हे कारण लॅपटॉपच्या लॅबला लागूच पडत नाही, उलट रॅकच्या विरोधात जातं. लॅपटॉपला बॅटरी आहे. ५०० वॅटची रॅक रोज चार तास चालवली तर महिन्याला ६० युनिट जळतात आणि लाइट गेली की सगळं बंद. शिवाय किनाऱ्यावरची खारी हवा. मालवण-देवगडच्या घरात जुना स्विच ठेवा, दोन पावसाळ्यांत आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात.

इंटरनेट? सॉफ्टवेअर एकदा उतरवलं की घरातली लॅब इंटरनेटशिवाय चालते. सँडबॉक्सपुरतं नेट लागतं, ते दुपारी तालुक्याच्या गावी बसूनही होतं. हिशोब करूनच बघा. आवाज डेटात बदलायच्या जी.७११ या पद्धतीत दर २० मिलिसेकंदांना १६० बाइटचा आवाज जातो, त्यावर पत्ते वगैरेंचे ४० बाइटचे हेडर, सेकंदाला ५० पॅकेट: झाले ८० केबीपीएस. आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ मध्ये हेच २४ केबीपीएस. एका कॉलला मोबाइलचं हॉटस्पॉट पुरतं. खराब नेट हवंच असेल तर लिनक्समधल्या नेटएम या नेट मुद्दाम बिघडवणाऱ्या साधनाने १५० मिलिसेकंदांचा उशीर आणि २ टक्के पॅकेट लॉस घाला आणि आवाज कसा तुटतो ते ऐका. क्यूओएसच्या (आवाजाला आधी वाट देण्याच्या) धड्यातला ईएफ ४६ हा पॅकेटवरचा शिक्का कशासाठी असतो, हे त्यानंतर पाठ करावं लागत नाही.

एका ठिकाणी मात्र मेसेजची काळजी रास्त आहे. ऑनलाइन परीक्षा घरून देताना लाइट किंवा नेट गेलं तर पेपर अडकतो. म्हणून परीक्षा केंद्रावर जाऊनच द्या.

क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. ज्याला शिस्त लागत नाही, त्याने जरूर लावावा, पण आधी या लॅबवर कॉल लावून बघावा. डम्पच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. परीक्षेला बसताना जो करार मान्य करावा लागतो, त्याचं ते उल्लंघन आहे आणि सिस्को अशी सर्टिफिकेटं रद्द करते. शिवाय एका बाजूचा आवाज गेल्यावर पाठ केलेला पर्याय 'क' काहीच सांगत नाही.

न टळणारा खर्च आहे तो परीक्षेचा: ३५०-८०१ ची फी ४०० डॉलर आणि वर कर. सोबतच्या पेपरची ३०० डॉलर. कुणाच्या घरी पैसे जमवायचेच असतील, तर ते या दोन पेपरांसाठी आणि लॅपटॉपच्या वाढीव रॅमसाठी जमवावेत.