मूल "जेवत नाही", कारण त्याचे पोट आधीच भरलेले असते

नवी मुंबईतल्या घणसोलीत गाव आणि सेक्टर एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे कौलारू घरांतली आणि टॉवरमधली अशी दोन्हीकडची लहान मुले रोज नजरेस पडतात. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच ऐकू येते, की दीड-दोन वर्षांचे मूल काही जेवतच नाही. माझे स्पष्ट मत आहे की यांतली बहुतेक मुले उपाशी नसतात. सकाळी बाटलीभर दूध, दहाच्या सुमारास चहात बुडवलेले बिस्किट, अंघोळीनंतर पुन्हा दूध, संध्याकाळी पाच रुपयांचा चिप्सचा पुडा, आणि एवढे झाल्यावर वरणभाताकडे पाहून तोंड फिरवले, की "काहीतरी पोटात जाऊ दे" म्हणून परत बाटली.

दूध वाईट नाही. पण त्यात लोह अगदीच कमी असते आणि दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले, की ते जेवणाची भूकच मारते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि त्याआधीच्या सर्वेक्षणात हेच प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. याला कारणे अनेक आहेत, तरी ताटाचा वाटा त्यात मोठा आहे.

आयांना एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जवळपास तिप्पट होते, दुसऱ्या वर्षात मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते, म्हणून या वयात भूक कमी होणे स्वाभाविक असते. नेमक्या त्याच वेळी घरातली मोठी माणसे घाबरतात आणि हातात मोबाइल देऊन घास कोंबू लागतात. काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे आपण ठरवावे. किती खायचे ते मुलाला ठरवू द्यावे. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास पाण्याखेरीज काही दिले नाही, तर तेच मूल स्वतःच्या हाताने, सांडत का होईना, जेवू लागते.

त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट, कॅल्शियम असते. आगरी-कोळी घरांत तांदळाच्या भाकरीचा मऊ तुकडा आणि काटे नीट काढलेली ताजी मासळी सहज मिळते (हे खाणे सोडून बिस्किटांकडे वळणाऱ्या घरांचे मला फार वाईट वाटते). इतरांकडे घट्ट वरण, अंडे, शेवग्याचा पाला घातलेले थालीपीठ आणि वर लिंबाचे चार थेंब, कारण लिंबामुळे पाल्यातले लोह अंगी लागते. साखर दोन वर्षांपर्यंत नकोच.

नोकरी करणाऱ्या आईबापांनी पाळणाघरात डबा देतानाच मधल्या वेळेत काय देऊ नये हेही सांगावे. अंगणवाडी फक्त गरिबांसाठी असते हा समज टॉवरवाल्यांनी सोडावा. तिथे मुलाचे वजन आणि उंची मोजून नोंद ठेवतात. शेजारच्या गुटगुटीत मुलाशी तुलना करण्याऐवजी ती नोंद दर महिन्याला पाहावी, आणि वाढीची रेषा सपाट झाली किंवा खाली उतरली तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे.