‘अमर्समेंट’ला नुसतं ‘दंड’ का म्हणत नाही

नमस्कार. मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाने १२१५ साली दिलेली सनद, हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “अमर्समेंट म्हणजे सरळ दंड. ‘राजाच्या दयेवर’ वगैरे फुगवटा गूगल वाचून पंडित झालेल्यांचा आहे.” मतभेदाचं काही नाही, पण हा सूर झोंबला. समोर बसून कुणाला असं बोलला असतात का?

एक चूक दाखवलीत, ती मान्य. ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रीतसर प्रक्रिया) हे शब्द १२१५च्या सनदेत नाहीत. तिथे ‘देशाचा कायदा’ एवढंच आहे. ‘ड्यू प्रोसेस’ येतं ते इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या १३५४च्या कायद्यात. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण दंड? तालुक्याच्या कोर्टात सोळा वर्षं मी कागदांची भाषांतरं केली. सुरुवातीला एकदा दाव्याच्या ‘कॉस्ट्स’ला, म्हणजे खर्चाला, ‘दंड’ लिहून बसलो. पक्षकाराचा म्हातारा बाप तो कागद चार घड्या घालून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, “पोरानं गुन्हा काय केला, साहेब?” दावा बांधाचा होता. तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरतो. हे गूगलवर मिळत नाही.

त्या काळच्या इंग्लंडात कुणी दावा हरला, हजर राहिला नाही, की कोर्ट त्या माणसाला ‘इन मिसेरिकॉर्डिया’ ठरवायचं, म्हणजे तो आता राजाच्या दयेवर. कारकून नोंदीच्या समासात तोच शब्द आखूड करून लिहायचे. रक्कम नंतर ठरायची, तीच अमर्समेंट. ‘फाइन’ वेगळा. मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट. रक्कम कबूल करून प्रकरण मिटवायचं. दोन्हींना ‘दंड’ म्हटलं तर सनदेच्या विसाव्या कलमात उरतं काय? ते कलम सांगतं की रक्कम अपराधाच्या मानाने, शेजारपाजारच्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर ठरवायची, आणि व्यापाऱ्याचा माल, जमिनीला बांधलेल्या कुळाची शेती शाबूत ठेवायची. राजाच्या दयेला हद्द घातली ती इथे. ‘दया’ हा शब्दच काढून टाकला तर हद्द कशाला घातली, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

बाकी ‘सरदारांनी स्वतःपुरती केलेली सनद’ हे तुमचं शाळेतलं वाक्य आहे, त्यावर वेळ घालवत नाही. वरचं कूळ पुन्हा वाचा.

याहून नेमका मराठी शब्द तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, तुमच्या नावासकट लेखात घालीन. तूर्त मी ‘दयेवरची आकारणी’ असंच लिहिणार आहे.