‘पोस्टमध्ये बघू’ म्हणणाऱ्यांच्या मानगुटीवर खरंच भूत बसो

मी एका भुताच्या पिक्चरचा साउंडवाला. काल रात्री शूटिंगमध्ये माझा लेपल माईक, म्हणजे कपड्यांत लपवायचा छोटा माईक, रोझ सरबतात बुडून मेला. भाड्याचा नाही, माझा स्वतःचा.

सीन काय, तर भूतबाई बाथरूमच्या दारात उभी राहून एक ओळ कुजबुजते. स्क्रिप्टमध्ये विहीर होती, बजेटमध्ये बाथरूम बसलं. कुजबूज नीट यावी म्हणून मी माईक तिच्या पदराखाली, गळ्यापाशी टेप लावून असा बसवला की तिला स्वतःलाही जाणवू नये. रिहर्सल झकास झाली. तेवढ्यात क्रिएटिव्ह प्रोड्यूसरला, म्हणजे प्रोड्यूसरच्या मेहुण्याला, रक्त कमी वाटलं. कुणाला न विचारता, न सांगता, त्याने ‘रक्ताचा’ अख्खा जग तिच्या डोक्यावर ओतला! माझ्या हेडफोनमध्ये आधी डबकन, मग खर्रर्र, आणि मग काहीच नाही.

बरं, रक्त तरी रक्तासारखं करा. ग्लुकोज सिरप, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. शाळेच्या गॅदरिंगलाही जमतं. पण नाही, आमच्याकडे सरबत. पातळ, वर कॅमेऱ्यात गुलाबी. भूतबाईचा खून झालाय की वाढदिवस, कळायला मार्ग नाही. आणि साखर म्हटल्यावर मुंग्या आल्याच. बिचारी प्रायोगिक नाटकातली पोरगी, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स, समोरचं काही दिसत नाही, मान वाकडी करून खांदे उडवतेय. डायरेक्टर मॉनिटरवर खूश: “हे ठेव, हे ठेव, मस्त झटके देतेयस!” अरे, तिला चावतायत!

मी माईक काढला. जाळीत सरबत, माईकचा आवाज वायरलेस पाठवणारी कंबरेची डबी, म्हणजे ट्रान्समीटर, त्याच्या पाऊचमध्ये मुंग्यांची रांग. हेअरवाल्या ताईंचा ड्रायर मागून वाळवला, तर आत साखर धरली. मेहुण्याने खांद्यावर चिकट हात ठेवला आणि म्हणाला, “दादा, टेन्शन नको. पोस्टमध्ये बघू.”

पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर एडिटिंग-डबिंगच्या वेळी, कोण बघणार? तुझे पितर? डबिंगला स्टुडिओ लागतो, आर्टिस्टची तारीख लागते आणि दोन्हीला पैसे लागतात. माझं मागच्या शेड्यूलचं पेमेंट ‘९० दिवसांनी’ येणार होतं. ते ९० दिवस नक्की कुठल्या तारखेपासून मोजायचे, हा या पिक्चरमधला एकमेव सस्पेन्स आहे.

आणि लोकेशन! डायरेक्टरला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातली शांतता हवी होती. नॅशनल पार्काचा भाग, तिथे रात्रीची परवानगी आणणार कोण? मग मिळाला पातलीपाड्याचा बंगला, घोडबंदर रोडला लागून. दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे जेएनपीटी बंदरावरून गुजरातकडे निघालेले कंटेनर रात्री सुटतात. आमची शिफ्टही रात्रीची. हिरॉइन अंधारात “कोण आहे तिकडे?” विचारते आणि उत्तर अठरा चाकी देतो. कंटेनर थांबले की मागच्या लॉनवरची हळद सुरू होते. हळद संपली की आमचाच जनरेटर, जो मेहुण्याने केबल वाचवायला बरोबर खिडकीखाली लावलाय. ५० हर्ट्झची ती गुणगुण आता माझ्या झोपेतही वाजते.

फ्रिजचं तर सांगायलाच नको. घरघर रेकॉर्ड होऊ नये म्हणून साउंडवाले फ्रिज बंद करतात आणि गाडीची चावी आत ठेवतात, निघताना चालू करायचा विसर पडू नये म्हणून. माझी चावी कुणीतरी बाहेर काढून वर ठेवली आणि फ्रिज चालू केला. कुणी ते सांगायला हवं का? कोल्ड्रिंक गरम होत होतं त्याचं.

वर मेहुण्याच्या तोंडी येता-जाता रामसे, ते जुन्या हिंदी भुताच्या पिक्चरवाले. “रामसेंनी कमी पैशांत केलंच ना!” केलं. सात भाऊ होते ते. गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडवर. साउंडवाला सख्खा भाऊ होता, ऐकतोयस ना? त्याच्या माईकवर सरबत ओतलं असतं तर घरी आईने धुतलं असतं. पिक्चरमधली भीती अर्ध्याहून जास्त कानातून येते. दार करकरलंच नाही तर ते नुसतं दार आहे, सुतार बोलवा.

असो. पहाटे फाइल्स ऐकत बसलो. रात्रभरात एकच आवाज काचेसारखा स्वच्छ आलाय, लेव्हल परफेक्ट, मागे ना कंटेनर, ना जनरेटर. माझ्या शिव्यांचा. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माईक, माझ्याच हातात होता, त्यामुळे एक अक्षर सुटलेलं नाही. “सायलेन्स!” म्हणून मी असा काही बोंबललो की शेजारच्या सोसायटीचा वॉचमन आवाज कमी करा सांगायला आला. अख्ख्या युनिटमध्ये त्याला मीच सापडलो. डायरेक्टरने ती फाइल मागून घेतलीय. भुताच्या किंकाळीखाली लावतो म्हणे. क्रेडिट देणार का विचारलं, तर हसला.

आणि रात्री दोनला गार पोहे खाणारा माणूस बाकी कशालाही घाबरत नाही, हेही लिहून ठेवा. शेंगदाणेसुद्धा नव्हते त्यात.

आत्ता ग्रुपवर कॉलशीट, म्हणजे आजच्या शूटिंगचं वेळापत्रक, पडली. आज ‘रक्ताचा पाऊस’. खाली मेहुण्याचा मेसेज: “साउंडदादा, दुसरा लेपल घेऊन या प्लीज,” आणि जोडलेले हात. आणतो ना. ट्रान्समीटर ओला होऊ नये म्हणून आम्ही त्याला कंडोम घालतो, धंद्यातली जुनी युक्ती आहे. मेडिकलमधून मोठं पाकीट घेतो आणि बिल मेहुण्याच्या नावाने फाडायला सांगतो.